सहा फूट गाळ

मोजणीबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या विहिरीत एक चप्पल तरंगत होती.

चप्पल माझीच. आठ दिवसांपूर्वी पडलेली, आणि थोरला रोज म्हणायचा, काढतो. थोरला म्हणजे माझा मुलगा. त्याच्या पाठीवर कुणी नाही, तरी त्याला थोरलाच म्हणतात, कारण जन्मला तेव्हाच त्याचे पाय पाळण्याबाहेर होते. सुईण दचकून म्हणाली होती, याला थेट जोडेच आणा.

आमचा धंदा रोपांचा. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी. बी पेरायचं, बोटभर उंच करायचं, आणि लोकांच्या शेतात लावायला द्यायचं. बोटभर रोपाला दिवसातून दोनदा पाणी लागतं. एक वेळ चुकली की मान टाकतं, आणि एकदा टाकलेली मान ते परत उचलत नाही. म्हणून आमच्या घरात देवापेक्षा विहिरीकडे जास्त वेळा बघतात. विहीर अरुंद, सहा फुटांची, पण खोल. आत उतरायला लोखंडी कड्या.

मोजणीबाई गाडीवरून उतरल्या, हेल्मेट काढलं. केस चिकटलेले, टाचा भेगाळलेल्या, खांद्याला पिशवी. म्हणाल्या, "आजी, विहीर मोजायला आलेय. नवा कायदा आहे."

"विहिरीनं काय केलं?" मी विचारलं.

"विहिरीनं नाही हो. त्यांनी." बाईंनी हनुवटीनं माळाकडे दाखवलं.

माळावर ते लांबलचक, बिनखिडक्यांचं घर नुकतंच बांधून झालं होतं. आत हजारो यंत्रं, दिवसरात्र विचार करणारी. कुणी फोनवर काही विचारलं की उत्तर तिथून जातं म्हणे. गावानं त्याचं नाव डोकं ठेवलं होतं. विचार करून ते तापतं, आणि गार ठेवायला पाणी लागतं. त्यासाठी आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर त्यांनी दोन बोअर पाडल्या होत्या.

"असं यंत्रघर जिथं असेल, तिथल्या आसपासच्या विहिरी दर दोन महिन्यांनी मोजायच्या," बाई म्हणाल्या. "पाणी दहा फुटांपेक्षा कमी भरलं की त्यांच्या बोअर बंद. आपोआप. कुणाच्या सहीची वाट बघायची नाही."

"आणि नाही भरलं कमी तर?"

"तर त्यांना अजून एक शेड बांधता येईल. अजून दोन बोअर."

त्यांनी पिशवीतून फीत काढली. टोकाला शिशाचा गोळा. गोळा सोडला, सोडला, तळाला टेकला तशी फीत सैल पडली. मग वर ओढून घेतली आणि ओली कुठपर्यंत आहे ते बघितलं. "चौदा फूट. फीत जितकी ओली, तितकं पाणी," असं म्हणत त्यांनी पाटीसारख्या मोठ्या फोनवर आकडा घातला. मग विचारलं, "ही विहीर कधी आटलीय का?"

आता मला असं विचारल्यावर मी काय गप्प बसणार? मी सांगितलं, "आमच्या सासऱ्यांच्या वेळी हिच्यात एक रेडा पडला. तीन दिवस बुडत होता, तरी तळ लागला नाही. चौथ्या दिवशी पलीकडच्या गावातल्या तळ्यातून बाहेर आला, वर चांगला जाड होऊन."

बाई हसल्या, पण बोटं चालू होती. शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहिलं त्यांनी. मग विहिरीचा फोटो काढला. चपलेसकट.

"हा फोटो कुठं जाणार?" सूनबाईनं विचारलं.

"सगळ्यांना दिसेल असा ठेवतात. कायदाच आहे तसा, काही लपवायचं नाही."

बाई गेल्या आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांना दिसणार म्हणजे माझ्या माहेरीही दिसणार. पन्नास वर्षं मी तिकडे आमच्या विहिरीच्या बढाया मारल्या, आणि आता त्यांना शेवाळ, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि माझी चप्पल दिसणार. पाहुणा घर बघून गेला आणि पलंगाखालचा केर तसाच, अशी लाज वाटली मला. मी थोरल्याला म्हटलं, "बेडकाला बोलव. पुढच्या वेळी बाई येतील तेव्हा विहीर आरशासारखी पाहिजे."

बेडूक म्हणजे विहिरी साफ करणारा. पाण्याखाली दम धरायचा तर तोच. खाली जाऊन झोप काढून वर येतो, असं मी सांगते. तो स्वतः म्हणतो डुलकीच फक्त. चाळीस वर्षांत आसपासच्या एकूण एक विहिरीचा गाळ त्यानं काढलाय.

तो आला तोवर डोकं सुरू होऊन महिना उलटला होता. विहिरीत वाकून म्हणाला, "पाणी उतरलंय की आजी. बरंच झालं, काम सोपं जाईल."

बघा! चोर समोरून गेला आणि आम्ही त्याला वाट दिली.

पंप लावून पाणी उपसलं. बेडूक कमरेएवढ्या चिखलात उभा राहून टोपल्या भरायचा, थोरला कप्पीवर ओढायचा, सूनबाई आणि मी ओतून घ्यायचो. चार दिवस. माझे दंड असे भरून आले की पदर सावरता येईना. गाळ काय, काळाभोर, लोण्यासारखा. बेडकानं काठीनं मापून सांगितलं, सहा फूट निघाला. खाली खडक लागला. सूनबाईनं तो गाळ बघितला आणि तिचा चेहराच उजळला. निम्मा तिनं रोपांच्या ट्रेमध्ये मिसळला, बाकीच्यातून मिरचीचे नवे वाफे केले आणि उरलेला शेडमागे ढीग लावला. त्या मातीत मिरची अशी वर आली की रोपं रात्रीतून उंच होताना आवाज यायचा. हे मी नाही, सूनबाई म्हणाली. हिच्यावरही माझा परिणाम होतोय.

दोन महिन्यांनी बाई आल्या. विहीर खरंच आरशासारखी. फीत सोडली, वर घेतली.

"पंधरा!" बाई म्हणाल्या. "वाढलं की पाणी."

आम्हाला इतका आनंद झाला! गाढवासारखे हसलो आम्ही. मी बाईंना चहा पाजला. थोरला म्हणाला, "उगाच घाबरलो होतो आपण त्या डोक्याला."

चार दिवसांनी डोक्याच्या ऑफिसातला माणूस आला. त्याला आम्ही गोडबोल्या म्हणायचो. बूट असे चकचकीत, की त्यात आमच्या कोंबडीला कोंबडी दिसली आणि ती भांडायला लागली. तो वाकून म्हणाला, "आजी, तुमचा एक फोटो हवाय. विहिरीपाशी, हसताना."

मला कुणी फोटो मागून वीस वर्षं झाली होती. मी हसले. उरलेल्या चारही दातांनी हसले.

पुढच्या आठवड्यात डोक्याच्या फाटकावर खोलीएवढा फलक लागला. वर मी, मागे विहीर, खाली मोठ्या अक्षरात: आम्ही आलो, पाणी वाढलं.

आणि त्याच सकाळी आमचा पंप हवा ओढायला लागला.

खरखर, फुसफुस, मग नुसतीच घरघर. थोरल्यानं पंप हातभर खाली सोडला. आठ दिवस चालला, पुन्हा घरघर. पुन्हा खाली. सूनबाई झारी घेऊन उभी, आणि नळीतून थुंकी आल्यासारखं पाणी. तिनं झारी आपटली.

"अहो, पाणी वाढलंय ना? मग पंप का खाली जातोय?"

"पंपच बिघडला असेल," थोरला म्हणाला.

"पंप बिघडला, की तुमचे डोळे?" तिनं त्याला हाताला धरून काठावर नेलं. "ती वाकडी कडी दिसते? लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, ती कडी पाण्यात असायची. आता तिच्याखाली बघा किती भिंत उघडी पडलीय!"

बेडकाला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं, डोकं खाजवलं, आणि एकदम हसत सुटला. हसताना त्याचा गळा खरंच बेडकासारखा फुगतो.

"अहो, बाईंची फीत तळापासून मोजते! तळच मी सहा फूट खाली नेला. वरून पाणी पाच फूट गेलं, खाली सहा फुटांची जागा झाली. कागदावर एक फूट वाढलं!"

कुणीच हसलं नाही. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

सूनबाई म्हणाली, "म्हणजे गाळ काढला नसता तर?"

बेडकानं बोटांवर मोजलं. "नऊ भरलं असतं."

नऊ. दहाच्या खाली. त्याच दिवशी आपोआप बोअर बंद झाल्या असत्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी विहिरीकडे बघितलं. चप्पल नव्हती तिथं, काहीच नव्हतं, नुसतं स्वच्छ, खोल गेलेलं पाणी आणि त्यात माझं तोंड.

थोरला आणि मी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. एक बस बदलून, दोन जिने चढून. टेबलामागे चष्मेवाला. थोरल्यानं सगळं नीट सांगितलं. चष्मेवाल्यानं ऐकलं, मग पडद्यावर बोट ठेवलं.

"पाण्याची खोली असा रकाना आहे. काठापासून पाणी किती खाली, असा रकाना नाही."

"मग घाला ना," मी म्हटलं.

"फॉर्म वरून येतो, आजी."

"मग शेऱ्यात लिहा. गाळ काढला म्हणून आकडा चुकला, एवढंच."

त्यानं शेरा उघडला आणि चष्मा वर केला. "जागा नाही. दोनशे अक्षरं बसतात, आधीच भरलीयत." मग वाचायला लागला. "स्थानिक वृद्धेच्या माहितीनुसार विहीर कधीही आटलेली नाही. एक रेडा तीन दिवस..."

थोरल्यानं कपाळावर हात मारला. शेजारच्या टेबलावरची मुलगी तोंडाला रुमाल लावून हसत होती.

"तो रेडा पुसून टाका," मी म्हटलं.

"एकदा भरलेला शेरा पुसता येत नाही. कायद्याच्या पारदर्शकतेसाठी."

"अहो, मी थापा मारते! सगळ्या गावाला माहितीय!"

"मग आता सांगताय ती थाप नाही कशावरून?" तो अगदी शांतपणे म्हणाला. हलकट नव्हता हो तो माणूस. त्याला खरंच प्रश्न पडला होता. पण बाहेर आल्यावर थोरला माझ्यासाठी न थांबता जिना उतरून पुढे चालत राहिला. बसमध्येही तो खिडकीकडे तोंड करून बसला. चाळिशी ओलांडलेला मुलगा आईशी अबोला धरतो तेव्हा शेजारचा माणूस बारका होऊन बसतो.

घरी सूनबाई म्हणाली, "तक्रारीचा नंबर आहे ना? फोन करा."

फोन लावला. पलीकडून एक बाई इतकी गोड बोलली, की मला वाटलं माझ्या मावसबहिणीची मुलगी.

"नमस्कार! मी आपली कशी मदत करू?"

मी तिला पहिल्यापासून सांगितलं. चप्पल, बेडूक, गाळ, वाकडी कडी. मध्ये कुणीतरी इतकं ऐकून घेतंय म्हणून मी रेड्याचंही खरंखोटं करून टाकलं. ती हं नाही, चूं नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "आपल्या विहिरीतली पाण्याची पातळी एक फुटानं वाढल्याबद्दल अभिनंदन!"

मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा अभिनंदन केलं. मी आवाज चढवला. ती म्हणाली, "आपली नाराजी मी समजू शकते."

"काय समजतेस गं तू? कुणाची कोण तू?"

थोरल्यानं माझ्या हातातून फोन घेतला. "आई, ती बाई नाहीये. ते डोकंच आहे."

"कुठलं डोकं?"

"तेच. माळावरचं. ऑफिसचे फोनही आता तेच घेतं."

आमचं पाणी पिऊन आमच्याच विहिरीबद्दल मला शहाणपण शिकवत होतं ते! मी फोन हिसकावून घेतला आणि जे सुचेल ते सुनवायला लागले. सूनबाई पदर खोचून धावत आली.

"आई, बंद करा आधी! तुम्ही जितकं बोलाल तितकं ते तापतं, आणि तापलं की आपलंच पाणी पितं!"

मी पटकन फोन ठेवला. नंतर हिशोब केला, माझ्या शिव्यांवरच त्यानं दोन घागरी तरी रिचवल्या असतील.

मोजणीला दहा दिवस उरले होते. या वेळचा आकडा ठीक आला की दुसरी शेड पक्की. थोरल्यानं दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. बारा फूट ओली झाली. काठापासून पाणी अजून तीन फूट खाली गेलं होतं, पण कागदाला बाराच दिसणार. कोबीचे दोन वाफे वाळून कागदासारखे झाले होते. सूनबाई दिवसातून एकदाच पाणी घालायची आणि दुपारी रोपांवर ओली पोती धरून बसायची. तिच्या पाठीची कातडी निघाली होती उन्हानं.

जेवताना तीच म्हणाली, "गाळ परत टाकायचा."

थोरल्याचा घास हातातच राहिला. "काय?"

"जिथून काढला तिथं. मग फीत खरं बोलेल."

बेडकाला निरोप गेला. तो आला, ऐकलं, आणि उठून उभा राहिला. "वहिनी, चाळीस वर्षं मी गाळ काढतोय. टाकायला आजवर कुणी बोलावलं नाही. लोकांना कळलं तर मला कुणी विहिरीजवळ उभं करणार नाही."

"कळणार कसं?"

बेडकानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं.

"आजी, तुम्ही माझ्या लग्नाची गोष्ट मलाच वेगळी सांगता."

पण तो थांबला. म्हणाला, नुसता गाळ ओतून चालणार नाही, पाण्यात विरघळेल आणि बाईंचा गोळा त्यातून खाली जाईल. पोत्यांत भरून, तोंडं शिवून, दोरानं सोडायची. तो खाली जाऊन रचणार. थोरला म्हणाला, "मग सगळीकडे कशाला? बाई नेहमी याच बाजूनं फीत सोडतात. तेवढ्याच जागी दहा-वीस पोती रचू."

सूनबाईनं ताट बाजूला सारलं. "चोरी करायची नाही. काढला तसाच टाकायचा. सगळीकडे सारखा."

शेडमागचा ढीग भरायला घेतला. वाळून दगड झाला होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. मी सुया ओवून पोत्यांची तोंडं शिवायची. जाड सुतळी, बोटांना चिरा पडल्या, त्यात माती गेली. थोरला आणि सूनबाई पोतं काठावर आणायचे, दोर बांधायचा, सोडायचं. बेडूक कड्या धरून खाली. दम घेऊन बुडी मारायचा, पोतं जागेवर सरकवायचा, वर यायचा, थुंकायचा. आणि प्रत्येक पोत्याला पुटपुटायचा, "उलटा धंदा, उलटा धंदा."

पहिल्या दिवशी पाणी उलट वर चढलं! थोरला घाबरला. बेडूक म्हणाला, "जागा खाल्ली म्हणून चढलं. झऱ्यातून निघून जाईल उद्यापर्यंत." गेलं.

रस्त्यानं जाणारा दूधवाला थांबला. "आजी, काय चाललंय?"

"विहिरीला थंडी वाजतेय," मी म्हटलं, "गोधडी घालतोय." तो मान हलवत गेला. त्याला ते पटलं असावं, कारण माझ्याकडून त्याला यापेक्षा बरं काही अपेक्षित नव्हतं.

पाच दिवसांत सत्तर पोती गेली. ढीग संपला. थोरल्यानं दोरी सोडली. सव्वादहा.

"बाकीचा गाळ कुठंय?" बेडकानं विचारलं.

ट्रेमधला तर रोपांच्या मुळांना चिकटून लोकांच्या शेतात गेला होता. त्यांच्या दारात जाऊन माती परत मागणार का? राहिले मिरचीचे वाफे. तीन हजार रोपं, वीतभर उंच आणि चांगली जाड, चार दिवसांत न्यायला लोक येणार होते.

सूनबाई वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. एक रोप उपटलं, मुळाची माती झटकली, बाजूला ठेवलं. दुसरं उपटलं. थोरला म्हणाला, "राहू दे गं. दुसरी माती आणू."

"दुसरी माती म्हणजे खोटा गाळ," ती म्हणाली. वर बघितलं नाही. "हा विहिरीचा आहे."

मी तिच्या शेजारी बसले. दोघी उपटत गेलो. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवत होतो, पण उघड्या मुळांची मिरची किती टिकणार? संध्याकाळपर्यंत पानं बंद व्हायला लागली. ती रडत नव्हती, नाक मात्र सारखं दंडाला पुसत होती.

दुसऱ्या दिवशी वाफ्यांतल्या मातीचं अठ्ठाविसावं पोतं काठावर होतं, बेडूक खाली विहिरीत, आम्ही तिघं कोपरापर्यंत काळे, आणि फाटकाशी गाडी थांबली. मोजणीबाई. एक दिवस आधी.

"उद्या सुट्टी लागलीय, म्हणून आजच," असं म्हणत त्या आल्या, आणि थबकल्या. पोतं बघितलं. दोर बघितला. विहिरीतून बेडकाचा आवाज आला, "सोडा की लवकर! दम संपतोय!"

मी पुढे झाले. "या बाई, या. काय सांगू तुम्हाला, काल असं झालं की एक भलामोठा..."

"आई." सूनबाईनं माझ्या खांद्यावर चिखलाचा हात ठेवला. "थांबा."

आणि तिनं सगळं सांगितलं. सरळ, वाढवून नाही, कमी करून नाही. कसा काढला, का काढला, आकडा कसा फसला, आता काय टाकतोय. बाई काठावर टेकल्या. त्यांचे चकचकीत नसलेले बूट पोत्याला लागत होते. त्यांनी वाकून आत बघितलं.

"मी चार वेळा लिहिलंय वर," म्हणाल्या, "काठापासूनचा रकाना द्या म्हणून. तेवीस विहिरी आहेत माझ्याकडे. सात जणांनी गाळ काढलाय. सातही ठिकाणी पाणी वाढलंय." त्या हसल्या, पण ते हसू कंटाळलेलं होतं. "ते पोतं सोडा आधी. तो माणूस मरेल."

पोतं सोडलं. बेडूक वर आला, बाईंना बघून परत खाली जायला लागला. थोरल्यानं त्याची मानगूट धरली. बाईंनी पाणी स्थिर व्हायची वाट बघितली. तासभर. मग उठून, विहिरीच्या चारही बाजूंनी फीत सोडली. सगळीकडे सारखी. साडेनऊ.

"खरं तर सहाच भरायला पाहिजे होतं," बाई म्हणाल्या.

"बाकीचा लोकांच्या शेतात गेला," सूनबाई म्हणाली.

बाईंनी फोन काढला. "तुमच्या तक्रारीवरून एक नवीन प्रश्न घातलाय त्यांनी. रकाना नाही दिला, प्रश्न दिला." वाचला. "गेल्या दोन महिन्यांत या विहिरीतून गाळ काढला आहे का? हो म्हटलं तर विहीर यादीतून बाद. मग हिचं कुणी काही विचारणारच नाही."

सूनबाईनं हाताचा चिखल बघितला. "गेल्या दोन महिन्यांत? नाही काढला."

"टाकला का, असं विचारलेलं नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. आकडा घातला, बोटानं दाबला. पडदा लाल झाला.

तिसऱ्या दिवशी डोक्याच्या बोअरवर सील लागलं. दुसऱ्या शेडसाठी टाकलेले खांब तसेच उभे राहिले. गोडबोल्या येऊन विहिरीत डोकावून गेला, त्याला काय दिसणार? फलकावरून मला उतरवलं. गावात पेढे... छे, पेढे कुठले! मिरची सगळी गेली होती. ज्यांना रोपं द्यायची होती त्यांची बोलणी सूनबाईनं दारात उभं राहून ऐकून घेतली. एक जण म्हणाला, "रोपं सांभाळता येत नाहीत तर धंदा कशाला करता?" मी मागून तोंड उघडलं, तिनं मागच्या मागे हात केला, मी मिटलं.

आणि आता विहिरीचं असं आहे. तळाशी पोती, पाणी गढूळ. पंपाच्या तोंडाला जुनं लुगडं बांधलंय, तरी चार दिवसांनी गाळ ओढतो. थोरला दर वेळी तो उघडून धुतो आणि बेडकासारखंच पुटपुटतो, "उलटा धंदा." गाळ काढावा म्हटलं, तर विहीर यादीतून बाद, आणि डोकं मोकळं. बेडूक जाता-येता काठावर थांबतो, आत बघतो, त्याचे हात शिवशिवतात. "आजी, दोन दिवसांचं काम आहे हो," तो म्हणतो. मी त्याला काठीनं हाकलते. गाळाची राखण करणारी बाई तुम्ही कुठं बघितलीय?

बोअर बंद झाल्यापासून पाणी मात्र वर यायला लागलंय. परवा बाई आल्या, फीत ओढली. पावणेदहा. दहा झाले की सील निघणार. बाईंनी आकडा घातला आणि आमच्याकडे बघितलं नाही. काठापासूनच्या रकान्याबद्दल पाचव्यांदा लिहिलंय म्हणाल्या.

आज सकाळी मी आणि सूनबाई काठावर उभ्या होतो. तिनं नवीन वाफ्यात बी टाकलंय, साध्या तांबड्या मातीत. अजून कोंब दिसत नाहीत. मी वाकून बघितलं. रात्रीतून पाणी बोटभर तरी चढलेलं. गार वास येत होता, मी लग्न होऊन आले तेव्हा यायचा तसा. मला राहवलं नाही.

"चढलंय गं!" मी ओरडले.

तिनं एकदा माळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हळू बोला, आई."